पाणबाईला दात नाहीत

सोमवार, ४ तारीख

चिमीचे ओठ परत निळे झाले. दूध पिताना. दोन घोट घेते नि दमते, जसं काही डोंगर चढून आली! कपाळावर घाम. पाच महिन्यांच्या पोरीला कसला घाम?

दवाखान्यातल्या सिस्टरनं नळी लावून ऐकलं. "आवाज बरोबर नाही. पलीकडे मोठ्या दवाखान्यात ने. याच आठवड्यात."

पलीकडे म्हणजे दीड तास पाणी. नि चिमीला दात नाही.

हे मासेमारीला गेलेत, वीस तारखेशिवाय येत नाहीत. कुणाला सांगू? म्हणून इथं लिहिते. ही वही वरच्या खोलीतल्या बाईंनी दिली. म्हटलं, मी चौथी शिकलेली, चुका होतील. तर म्हणाल्या, "कसंही लिही, कुणी तपासणार नाही." देव त्यांचं भलं करो.

मंगळवार, ५

बाई आमच्याकडे भाड्यानं राहतात, आमच्या बेटावर कादंबरी लिहितात. एक प्रकरण आजचं, एक शंभर वर्षांपूर्वीचं, असं आलटून पालटून. म्हटलं, बाई, दोन काळ कसे सांभाळता? मला एक सांभाळवत नाही! खूप हसल्या.

आज चहा द्यायला गेले तर विचारलं, बिनदाताच्या पोराला होडीत का घेत नाहीत? सांगितलं. समुद्रातल्या पाणबाईला दात नाहीत. म्हणून बिनदाताचं पोर तिला आपलंच वाटतं, ओढून घेते. शंभर वर्षांमागं दीपगृहाच्या बत्तीवाल्याची बायको आजारी तान्ह्याला घेऊन निघाली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून होडीवाला आधी पोराच्या हिरडीवरून बोट फिरवतो. दात लागला तर होडीत. नाहीतर घरी.

खाली आले नि चिमीच्या हिरडीवरून मीच बोट फिरवून बघितलं.

बुधवार, ६

धीर करून सासूबाईंना विचारलं. जाळं सांधत होत्या. मान वर केली नाही. "दात येऊ दे. मग जा."

संपलं! त्यांच्यापुढे माझी जीभ टाळूलाच चिकटते.

दुपारी माझा डोळा लागला. उठले तर चिमी त्यांच्याकडे. खांद्याशी उभी धरलेली. तशी धरली की तिला श्वास सोपा जातो. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवार, ८

बाईंनी नवं प्रकरण वाचून दाखवलं. अंगणात. सासूबाईही तिथंच, जाळं घेऊन. बत्तीवाल्याची बायको होडीत चढते – नि बाई थांबल्या!

"मग? बुडाली?"

"अजून ठरवलं नाही."

ठरवायचं असतं? मला वाटायचं, गोष्ट असते तशी असते.

बाई म्हणाल्या, जुनी दप्तरं सगळी चाळली. बुडाली असं कुठंच नाही. परत आली नाही, एवढंच.

मग बुडाली हे कुणी जोडलं? पोर बरं झालं असेल. तिकडेच राहिली असेल. मी तरी कशाला परत आले असते, या बोटं फिरवणाऱ्यांत!

अगं बाई, हे मी मोठ्यानं बोलून गेले. सासूबाईंची सुई थांबली. आता बोलणी बसणार – पण नाही. उठून आत गेल्या. चहालाही बाहेर आल्या नाहीत.

शनिवार, ९

सकाळी बघते तर दारात गाठोडं बांधलेलं. "चल. पहिली होडी चुकेल."

धक्क्यावर होडीवाले मामा हात धुऊन पुढे आले. चिमीच्या तोंडात बोट घातलं. मान हलवली. "अक्का, दात कुठाय?"

"आहे. खाली. नीट बघ."

"नाही गं –"

"दोर ओढून ओढून घट्टे पडलेत तुझ्या बोटाला, तुला काय कळणार! मी सांगते ना, आहे."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. मग परत बोट घातलं नि ओरडले, "आई गं! चावली की ही!"

सगळी होडी हसली. मी रडले. मामा, तुमचे उपकार कसे फेडू?

वारा होता. होडी नुसती हेलकावत होती. सासूबाईंनी सगळी वाट चिमीला खांद्याशी उभं धरलं. दुसऱ्या हातात माझा हात. एकदाही सोडला नाही.

सोमवार, ११

काळजाला भोक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधावर ठेवू, वजन वाढलं की शिवू. होईल बरी. "वेळेवर आणलंत."

वेळेवर! हा शब्द दहादा लिहावासा वाटतो.

आज पोटभर प्यायली. घाम नाही. बाईंचे आभार, सिस्टरचे आभार, मामांच्या खोटं बोलण्याचे आभार. पाणबाई, तुझेसुद्धा. वाट दिलीस.

मंगळवार, १२

इथल्या नर्सनं कागद भरताना विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का? मी नाही म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, "हो लिहा. माझ्या थोरल्या मुलीला."

थोरली? थोरले तर हेच ना! यांनाही माहीत नसणार.

"वय?"

"सात महिने," म्हणाल्या. "दाताची वाट बघत होते मी."