आखाजीआधी गाडीला मेण

५ एप्रिल, रवि.
सकाळी अंगणात पाण्याचा आवाज. बायको, सुनंदा, गाडी धुतेय. गाडी माझ्या नावावर. धुते ती, चालवते ती. मी शेजारी बसून घाबरतो. पन्नाशी ओलांडून शिकली, तरी प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावरही बिनधास्त. आधी नुसतं पाणी मारून धूळ भिजू देते, मग वरून खाली. मी मदत म्हणून कोरडं फडकं उचललं, तर ओरडली, "राहू द्या! चरा पडतीन!"
कारखान्याची काजळी गेली. मागच्या दाराला लागलेला केळीचा चीक जाईना.

८ एप्रिल
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. माहेरी न्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून यायला हवा. सु.ला एकच भाऊ, कोरीटला. आमच्या मुलीच्या, छायाच्या, लग्नात गर्दीत मामाला फेटा बांधायचा राहिला. झालं, तो रुसला; तेव्हापासून आमचा उंबरा ओलांडला नाही, फोन नाही. दोन आखाज्या कोरड्या गेल्या. आमच्या ब्राह्मणपुरीतल्या बाकी बायकांचे भाऊ आले की ही आत जाऊन भांडी घासत बसते. मला बघवत नाही.

१२ एप्रिल, रवि.
शहाद्याहून मेणाची डबी आणली. आईच्या जुन्या पातळाचा तुकडा फाडून घेतला. इतकं मऊ कापड विकत मिळत नाही म्हणे. कडुलिंबाच्या सावलीत बोटभर मेण, गोल गोल हात. धुरकट झालं की पुसायचं. चीकही उतरला! दारात माझं तोंड दिसलं. दाढी करायला हवी होती.
लिंबाचा मोहर मेणावर पडतो म्हणून गाडी उन्हात नेली. दुपारी बघतो तर बॉनेटभर बिबडे! शेजारच्या ताराकाकूंनी ज्वारीचे पापडासारखे ओले बिबडे थापून वाळत घातलेले. वर म्हणतात, "तवानी गत तपेल शे. ऊन कसाले वाया जाऊ देवो?"
मी भांडलोच असतो. सु.ने एकेक हलक्या हाताने सोडवला. डाग पडले. काकूंना पाणी दिलं, पदर खोचला, पुन्हा बादली.
या बाईचा धीर कुठून येतो? मला तर बिबड्यांचाच राग अजून गेला नाही.

१५ एप्रिल
पुन्हा मेण. काचा, चाकं, नंबरप्लेट. विचारलं, "एवढं कुणासाठी?"
"आखाजीले मी जासू."
"मुऱ्हाळी बिगर? लोक काय म्हणतीन?"
ती खाली वाकली. आरसा पुसत राहिली. खरं तर मला अभिमानच वाटला, पण बोललो भलतंच. नेहमीप्रमाणे.

१८ एप्रिल, शनि.
शहाद्याला एकटी गेली. येताना भगवा फेटा. घडी मोडू नये म्हणून घरातही मांडीवर धरून बसलीय. मी म्हटलं, मी पण येतो.
"नका. तुमना मान ठेवामा मन्ही वात ऱ्हाई जाई."
बरोबर आहे, तिचं बोलणं राहूनच जाईल. जावई गेला की पाट, तांब्या, आमरस. तेवढ्यात संध्याकाळ.

१९ एप्रिल, आखाजी
पितरांची घागर पुजली. सांजोरीचा डबा पुढे, फेटा मागच्या सीटवर. ताराकाकू दारातूनच, "वं सुनंदा, तुन्हा मुऱ्हाळी कोन शे?"
सु.ने बॉनेटवर हात ठेवला. "हाई उभी शे ना."
काकू वळल्या. मग आत जाऊन बिबड्यांची पिशवी आणून सीटवर ठेवली. गाडी वळणापर्यंत लखलखत गेली. मी उगाच रस्त्यात उभा.

दुपारी सु.चा फोन. हळू बोलत होती.
"दादा वट्टावर बसेल होता. माले देखीसन उठना नही. आते गाडीजवळ उभा शे."
"काय करतोय?"
"दारवर हात फिराई ऱ्हायना."
"आणि फेटा?"
"मांगनी सीटवरच शे. काचमातून देखी ऱ्हायना तो." मग घाईने, "ठेवस मी."
चार वाजले, पुन्हा फोन नाही. मी अजून जेवलो नाही.