उशिराची लाट

४ मार्च
पोहोचलो. भूकंपमापन केंद्र टेकडीवर आहे. राहायला दोन स्वच्छ खोल्या, खिडकीत भरपूर ऊन. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच सामान लावताना बरं वाटलं. काम समजायला सोपं आहे. दूरच्या भूकंपाची लाट पृथ्वीच्या पोटातून इथे येते. खालचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, तापलेलं असेल तर तिला सेकंद-दोन सेकंद उशीर होतो. सगळ्या यंत्रांवरचे उशीर जुळवले की टेकडीखालच्या तप्त खडकाच्या खांबाचं चित्र उमटतं. साहेब म्हणाले, इथे उशिरा येणाऱ्याला कोणी बोलत नाही, उशिरावरच आपलं पोट आहे. बऱ्याच दिवसांनी हसलो.

११ मार्च
लेक राहायला आली. आल्या आल्या पडदे धुवायला काढले आणि माझ्या शर्टांच्या कॉलरवरून मला चांगलंच सुनावलं. घर घरासारखं वाटलं.

१९ मार्च
यंत्रावर एक बारीक धक्का उमटला. आज जगात कुठेही तसा भूकंप झालेला नाही. लाट मात्र ओळखीची. दोन वर्षांपूर्वीच्या भूकंपात आमचं गावचं घर पडलं, बायको त्याखाली गेली, त्याआधी तीन छोटे धक्के आले होते. त्यांच्या नोंदी मी इतक्या वेळा पाहिल्यात की डोळे मिटून काढून दाखवीन. ही त्यातली पहिली. वळण न् वळण तेच. फक्त जोर वाढलाय.

साहेबांना दाखवलं. म्हणाले, अहो, उशीर सेकंदांचा असतो, वर्षांचा नाही. चार दिवस रजा घ्या. प्रेमानंच म्हणाले.

२१ मार्च
दुसरी. सगळ्या यंत्रांवर जवळजवळ एकदम — म्हणजे सरळ खालून. आमच्या गावाहून निघालेली लाट त्या खांबात अडकली होती. संपली नव्हती. मोठी अजून मागे आहे.

लेकीला म्हटलं, आजच्या आज परत जा. म्हणाली, बाबा, पुरे हं आता, तुला असा सोडून मी कुठे जाऊ?

२२ मार्च
तिसरी आली. दोन वर्षांपूर्वी तिसरीनंतर फार वेळ मिळाला नव्हता.

लेकीला हाताला धरून अंगणात आणलं. चिडलीय. पायात चपलाही नाहीत. पण बाहेर आहे. वर मोकळं आभाळ —

जमीन घुमतेय. तिला ऐकू येत नाही म्हणते. मला उठवत नाही. वही अंगणातच घेऊन बसलोय, नोंद करतोय —

ती म्हणाली, गॅसवर दूध ठेवलंय, बंद करून येते — नको म्हटलं — गेलीच — हाक मारली तर आतून ओरडली, आले रे, आले, एक मि