सिलेंडरच्या कप्प्यातलं भोक

सोमवार, संध्याकाळ. जैनाबाद, तापीकाठी.

गावोगाव फिरायला यांनी जुन्या टेम्पोत पलंग, ओटा, देव्हारा, सगळं बसवलं. पलंगाखाली सिलेंडरचा कप्पा, त्याच्या तळाला एक भोक. ते कशाला, हे मी विचारलंच नाही. परवा दापोऱ्याला केळीच्या बागेशेजारी गाडी लावली, तेव्हा साप शिरेल म्हणून मीच ते जुन्या साडीच्या चिंधीने बुजवलं. उरलेल्या जागेत गोदड्या कोंबल्या. एवढीशी गाडी, जागा वाया कशाला घालवायची?

आज दिवेलागणीला निरांजन लावायला काडी काढली. छोटी पलंगावर पाय हलवत बसलेली. म्हणाली, "मम्मी, कसली तरी बदबू येऊन राहिली." काडी ओढायचीच राहिली होती. ओढली असती तर?

यांनी आम्हाला बाहेर काढलं, कप्पा उघडला. गोदड्यांच्या दाबाने नळी ढिली झालेली. "पण गॅस खालून निघून जायला पाहिजे होता, भोक त्याच्यासाठीच तर ठेवलं," असं पुटपुटत राहिले. मग चिंधी त्यांच्या हाताला लागली. साडीचा काठ ओळखला त्यांनी. माझी मूठ उघडून काडेपेटी तेवढी काढून घेतली.