नखं कापणारा पाळक

ता. ४ जून
ती. ताईस,
सा. सलाम, वि. वि.

आम्ही खुशाल. हिचा गुडघा कुरकुरतो, पण तो निदान तोंडावर बोलतो. आमची चर्चची कमिटी पाठीमागे बोलते. सध्या त्यांनी एक प्रेरणागुरू आणलेत. पुढारी कसं व्हावं ते कोट घालून, हात पसरून शिकवतात. पाळकानं मोठ्या लोकांत ऊठबस करावी, असं त्यांचं म्हणणं. मी दर शनिवारी इस्पितळात जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या पायांची नखं कापतो, हे कळल्यावर त्यांनी आपलेच पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

येत्या रविवारी मी व्यासपीठावरून जाहीर करायचं की असली किरकोळ कामं सोडली. नाही केलं तर नोकरी जाणार, आणि पाळकाचं घरही.

ताई, तुला म्हणून सांगतो. वर्षभर माझ्या उपदेशावर माझाच विश्वास बसत नाही. प्रार्थनेत जांभया येतात. आपण या कामात का आलो, हे फक्त कुणाचा तरी पाय मांडीवर घेतला की आठवतं. नेमकं तेवढंच सोड म्हणतात. काय करू?

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.
धाकटा

ता. ८ जून
चि. बिशपसाहेब,
अनेक आशीर्वाद. (लहानपणी चादर पांघरून, बिशप बनून तू आम्हाला आशीर्वाद वाटायचास, त्यातलेच उरलेले.)

गणवेशांचा ढीग पडलाय, तरी मशीन थांबवून लिहितेय. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, मान्य. नखं कापल्याचं मी तरी कुठं वाचलं नाही. रविवारी मान खाली घाल, वाच काय वाचायचं ते, आणि सोमवारी गुपचूप जा. सोमवारी काय म्हाताऱ्यांची नखं वाढायची थांबतात?

जांभयांचं म्हणशील तर मला काजं करताना रोज येतात. मी दुकानाला टाळं लावते का? बायकोचा गुडघा बघ, डोक्यावरचं छप्पर बघ. आपल्या घरात ताठा बाबांनी पुरेसा दाखवला. निस्तरला आईनं.

रागावले तरी लोभ आहेच.
ताई

ता. १५ जून
ती. ताईस,
सा. सलाम.

तुझं ऐकायचं ठरवूनच व्यासपीठावर चढलो. हातात कागद, पहिल्या बाकावर कमिटी, शेजारी हसतमुख गुरू. ‘किरकोळ’ शब्दाशी आलो आणि खिडकीजवळच्या खाटेवरचा म्हातारा पोस्टमन डोळ्यांपुढे आला. त्याचं नख मांसात रुततं, चादरसुद्धा सोसवत नाही. कागदाची घडी घातली. म्हटलं, हे काम सोडणार नाही. गुपचूप तर मुळीच करणार नाही. कुणाला मोठ्या लोकांतला पुढारी हवा असेल त्यांनी खुशाल शोधावा. माझ्याबरोबर यायचं असेल त्यांनी शनिवारी इस्पितळात यावं.

गुरू म्हणाले, यात दूरदृष्टी नाही. मी म्हटलं, खरंय, नखं कापताना जवळचंच नीट दिसावं लागतं.

महिनाअखेर घर सोडायचंय. ही रागावेल वाटलं होतं. हिनं आधी पडदे उतरवले, म्हणाली, हे आपले आहेत. प्रार्थनेत मला झोप येईनाशी झालीय. भीतीनंही असेल.

तुझं ऐकलं नाही म्हणून लोभ आटवू नकोस.
धाकटा

ता. १९ जून
चि. बिशपसाहेब,
आशीर्वाद.

तू मूर्ख आहेस, हे आधी. तुझ्या कमिटीच्या अध्यक्षांनी मला पत्र लिहिलंय. तुम्ही थोरली बहीण, तुमचं ऐकेल. चारचौघांत माफी मागितली तर नोकरी आणि घर दोन्ही राहतील. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं. तुला तसं लिहायलाही बसले होते. मग त्यांचं शेवटचं वाक्य वाचलं: इस्पितळातली ती माणसं काय, आज आहेत, उद्या नाहीत.

मी उलट टपाली कळवलं: म्हणूनच त्याला शनिवार चुकवता येत नाही.

दुकानावरची खोली रिकामी केलीय. तिथून इस्पितळाला दोन बस बदलाव्या लागतील, बदल. बायकोला म्हणावं, जिना मोठा आहे, सावकाश चढ. आणि तू आता माफी मागून आलास, तर तुला पहिल्या पायरीवरूनच परत पाठवीन.

लोभ आहेच, फक्त तोंडावर कबूल करून घेऊ नकोस.
ताई