फ्यूज त्याच्याच खिशात होता

३ फेब्रुवारी
वहिनीने सही केली नाही! वीज कार्यालयातल्या कारकुनाने कागद दोनदा पुढे सरकवला, तिने दोनदा मागे सरकवला. दादाच्या मृत्यूचं कारण त्यावर एका ओळीत — 'कर्मचाऱ्याचा स्वतःचा निष्काळजीपणा'. कारकून म्हणाला, "वीस तारखेपर्यंत हरकत घ्या. नाहीतर हेच कायम."
हरकत काय घ्यायची? दादा गोदामांमागच्या खांबावर चढला. लाइन बंद होती. तरी तो गेला. तीन महिने झाले, आम्हाला एवढंच माहीत आहे.

५ फेब्रुवारी
उस्तादांकडे गेलो. दादाचे जोडीदार — बारा वर्षं एकाच शिडीवर. त्या दिवशी खाली तेच उभे होते.
म्हणाले, "फ्यूज काढून मीच त्याच्या खिशात घातला. जो वर चढतो त्याच्याच खिशात फ्यूज, हा आमचा नेम. कुणी दीडशहाणा लाइन चालू करायला आलाच, तर करणार कशाने? त्याला खाली उतरवला तेव्हाही फ्यूज त्याच्याच खिशात होता रे!"
मग म्हणाले, "ताक सोड, तुझा भाऊ पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. तो निष्काळजी?" हसायला गेले आणि रडले. मी त्यांच्या दाराची कडी उगाच वरखाली करत राहिलो.

८ फेब्रुवारी
ग्रंथालयात नवं काम. वीस तारखेलाच प्रदर्शन आहे — 'वीज आणि गणित : थोर जनक'. सहा चित्रं, खाली सहा पाट्या. मजकूर गणिताच्या बाई सांगणार. (निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पर्समध्ये खडू अजून आहे.) लिहिणार मी. ग्रंथपाल म्हणाले, "अक्षर आणि शुद्धलेखन याच्याइतकं इथे कुणाचं नाही."
मी इथला जुना बाइंडर. फाटकी पुस्तकं शिवतो. आठवीनंतर शाळा सुटली. आणि विजेचा गौरव मी लिहायचा!
संध्याकाळी वहिनी — "भाऊजी, हाताला रंग कसला?"
"पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा," म्हणालो. खोटं बोललो.

९ फेब्रुवारी
एकही ओळ लिहिली नाही.

११ फेब्रुवारी
पहिली पाटी झाली. बाई म्हणाल्या, "हा तुझ्याच धंद्यातला, बरं का." लोहाराचा मुलगा. पुस्तकं बांधायचा आणि बांधता बांधता वाचायचा. गणित फारसं यायचं नाही. पण प्रत्येक प्रयोग वहीत टिपून ठेवायचा, नोंदींना क्रमांक देऊन. फसलेलेसुद्धा!
दुसऱ्या पाटीवरचा त्याच्यापेक्षा पुष्कळ तरुण, गणितात बुडालेला. त्याने या बाइंडरचे प्रयोग वाचले. त्यात समीकरण नाही म्हणून नाक मुरडलं नाही. त्यातल्या कल्पनांना त्याने समीकरणं दिली.
"याला म्हणतात मान देणं," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.
या माणसांचा राग यायला हवा होता. आला नाही. दादा असता तर त्याला हात धरून हे चित्र दाखवलं असतं.

१३ फेब्रुवारी
वहिनीने विचारलं, काही कळलं का. नाही म्हणालो. सात दिवस राहिले.

१७ फेब्रुवारी
आज बाईंनी बाइंडरच्या प्रयोगाची नक्कल आणली. लोखंडी कडं. एका बाजूला जाड तारेचे थोडे वेढे, दुसऱ्या बाजूला बारीक तारेचे पुष्कळ. दोन तारा एकमेकींना कुठेच शिवत नाहीत. तरी इकडे वीज सोडली की तिकडे जोडलेल्या मीटरची सुई हलते!
"खांबावरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे या कड्याचा नातू," बाई म्हणाल्या. "लाइनची मोठी वीज घेतो, लहान करून घरात देतो."
मी सहज विचारलं, "आणि घराकडूनच वीज आत सोडली तर?"
"तर तोच ट्रान्सफॉर्मर ती पंचवीसपट मोठी करून लाइनवर चढवेल. अरे, लोखंडाला काय कळतंय, कुठली बाजू सरकारी आणि कुठली तुझी!" त्या हसल्या.
"लाइनचा फ्यूज काढलेला असला तरी?"
"फ्यूज तिकडून येणाऱ्याला अडवतो. ही इकडून आली."
माझा ब्रश पाटीवर पडला. पाटी वाया गेली. जाऊ दे! त्या दिवशी कुणीतरी घराच्या बाजूने वीज सोडली होती. दादाने सगळं बरोबर केलं होतं. दादा निर्दोष आहे!
धावत उस्तादांकडे गेलो. सांगितलं. मला वाटलं, उडी मारतील. त्यांनी मला फक्त खाली बसवलं. मीच विचारलं,
"त्या लाइनवर ट्रान्सफॉर्मर किती?"
"एकच."
"कुणाचा?"
उस्तादांनी तोंड फिरवलं. "घरी जा, बाळा. वहिनीला सही करू दे."

१८ फेब्रुवारी
गोदामांमागच्या त्या खांबापासून तारेखालून चालत निघालो. खांब मोजले. अकरा. अकरावा ग्रंथालयाच्या आवारात. ट्रान्सफॉर्मर त्याच्यावरच.
वीज गेली की जनरेटर चालू करणं माझं काम. दादानेच शिकवलं होतं — आधी मेन स्विच पाडायचा, मग जनरेटर. का, ते मी कधी विचारलं नाही; मेन चालू राहिला तर जनरेटरची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरात जाते, हे आता कळलं. दादा गेला त्या दिवशी वीज गेली तेव्हा वाचनकक्ष भरलेला होता, सगळे ओरडत होते. मी कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस. मेन पाडला की नाही — आठवत नाही. लाइनवर वीज चढली. म्हणजे पाडला नव्हता.
हरकतीचा अर्ज लिहून झाला. 'निष्काळजीपणा' हा शब्द तसाच ठेवला आहे. त्यापुढे नाव माझं घातलं आहे.
बाहेरून वहिनी — "भाऊजी, ताट वाढलंय!"
आधी तिला सांगतो.