शेवटच्या कडव्यातलं नाव

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण माझा राग काही गेला नाही. आज लिहूनच टाकते.

गारखेड्याच्या आपल्या दोन खोल्यांत मी ती जुनी गिटार आणली, तेव्हा तुम्ही केवढे भडकला होतात! तुम्ही पेटीवाले, गावोगावच्या जयंत्यांना गायन पार्टी घेऊन जाणारे. "हे काय डबडं आणलंस? गुमान पेटी शिक." गिटार शिकवायला कोणी नव्हतंच. मग मी तुमच्याच पार्टीची नक्कल केली. अंगठ्यानं जाड तारांवर ढोलकीचा ठेका धरायचा आणि बाकी बोटांनी पातळ तारांवर तुमची पेटी वाजवायची. बोटं सोलून निघाली. आता लोक त्याला फिंगरस्टाइल म्हणतात, मला तेव्हा काय डोंबल माहीत! तुम्ही दाराआडून ऐकता, असं आई सांगायची. एक दिवस समोर येऊन बसलात आणि म्हणालात, "शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचं, पोरी. कवीचं नाव नसलं की गाणं बेवारस." लई हरखले होते मी.

त्याच आठवड्यात आईवर गाणं लिहिलं. गुलमंडीतल्या दुकानांच्या साड्यांना फॉल लावून लावून तिची मान आखडायची, त्यावर. शेवटच्या कडव्यात माझं नाव घातलं आणि वही सगळ्यात आधी तुम्हालाच दाखवली. "बरं आहे," एवढंच म्हणालात.

मग कन्नड गावातला तुमच्या पार्टीचा कार्यक्रम. मी आणि आई बायकांत बसलोय. तुम्ही पेटीवर हात ठेवता आणि चक्क माझं गाणं सुरू होतं. आता माईकवरून माझं नाव येणार म्हणून मी आईचा हात घट्ट धरलाय. शेवटचं कडवं येतं आणि त्यात तुमचं नाव! माझं दोन अक्षरांचं नाव काढून तुमचं चार अक्षरांचं बसेना, म्हणून शेजारचा 'आई' हा शब्दही उडवलात.

परतीच्या जीपमध्ये मी विचारलं, तर म्हणालात, "गाणं घरातच राहिलं ना? पोरीच्या नावानं कोण ऐकणार?" आई बाहेर बघत राहिली. परक्यानं चोरलं असतं तर मी भर मांडवात भांडले असते, अण्णा. तुमच्याशी कशी भांडू? नाव घालायला शिकवलंत तुम्ही आणि खोडलंतही तुम्हीच. दगा दिलात तुम्ही मला.

त्यानंतर पुष्कळ गाणी केली, कार्यक्रमही करते. ते गाणं मात्र कधी गायले नाही, नुसती चाल वाजवायची. गेल्या रविवारी इथल्याच एका छोट्या सभागृहात पहिल्यांदा गायले, माझ्या नावासकट, त्या उडवलेल्या 'आई'सकट. टाळ्या पडल्या. खाली उतरले तर तुमच्या पार्टीतले ढोलकीवाले काका काठी टेकत समोर उभे. डोळ्यांत पाणी. म्हणाले, "बाप मेला म्हणून बापाचं नाव खोडलंस व्हय गं? शोभलं नाय तुला हे."

हे पत्र तुम्हाला कुठं पाठवणार? काकांना तरी वाचून दाखवावं, असं दोनदा मनात आलं. नाही दाखवणार. त्या दिवशी तिथंच तोंड उघडून खरं काय ते सांगायचं होतं, अण्णा. मी वाकून त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "चुकलं, काका."