मोटारीपुढचं लिंबू

सेनगाव, १९९६. मंगळवार, दिवेलागण.

वडिलांच्या जुन्या मोटारीनं आज लाजच आणली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलाचं गळकं पॅन मी स्वतः बदललं. माझ्या बायकोनं, सुमननं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. "आज न्हाई चालली तर भंगारवाल्याला देऊन टाका," हे तिचं सकाळपासून चालूच. स्टिअरिंगजवळचा गिअरचा काटा न्यूट्रलवर ठेवून चालू केली, तर मोटार मागं सरकली. पुढच्या गिअरला टाकली, तर जागीच गुरगुरत राहिली. लिंबू तसंच.

काहून? खाली शिरल्यावर कळलं. पॅन काढताना वरचा काटा गिअरबॉक्सला जोडणारी सळई सोडली होती. परत जोडताना हातानं गिअर टाकायच्या जिपेच्या सवयीनं गिअरबॉक्सवरचा दांडा नुसता हलवून बघितला, सैल लागला, न्यूट्रलच समजलो. तो रिव्हर्सवर होता. म्हणून वर न्यूट्रल म्हणजे खाली रिव्हर्स, अन् वर पुढचा गिअर म्हणजे खाली न्यूट्रल. एवढी काय घाई होती मला?

लिंबू उचलायला गेलो, तर सुमन म्हणाली, "राहू द्या तिथंच. तुमी सळई बराबर करा."

तिनं आत बसून काटा न्यूट्रलवर धरला. मी खाली दांडा एक खटका पुढं, खऱ्या न्यूट्रलवर घेऊन सळईचा नट आवळला. मग मी स्टिअरिंगवर बसून पुढच्या गिअरला टाकली, तशी मोटार पुढं गेली, लिंबू फुटलं.

सुमन उतरलीच न्हाई. म्हणाली, "शिरड शहापूरपर्यंत जाईल का? माझ्या आईला दाखवू."